बाटलीतले आगळ

सोळा नोव्हेंबर, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. दम्माममधील ज्या खाजगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी काम करते, तेथील यंत्राच्या पडद्यावर बाबांच्या रक्तातील कोटिनिनचा आकडा उमटला: ३१२. आधीच्या रविवारी तो १३४ होता. महिनाभर सावकाश उतरत आलेली रेघ एकाएकी वर वळली होती, आणि आमच्या शास्त्रात अशा वळणाचे बहुधा एकच कारण असते. ज्याचे रक्त आहे तो माणूस खोटे बोलत असतो.

निकोटिन शरीरात गेले की यकृत त्याचे कोटिनिन करते. निकोटिन काही तासांत निघून जाते, कोटिनिन मात्र दिवसचे दिवस रक्तात रेंगाळते. म्हणूनच ‘मी सोडली’ हे वाक्य पडताळायचे असेल तर कोटिनिन मोजतात. घरच्या माणसाचा नमुना आपण चालवायचा नाही, असा नियम असल्याने बाबांचे रक्त माझ्या सहकारिणीने काढले होते आणि तिनेच ते दोनदा चालवून पाहिले होते. माझ्याकडे काम होते ते फक्त आकडा उतरवून घेण्याचे. तो मी उतरवून घेतला.

बाबा तेलक्षेत्राची कामे घेणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षे फिटर होते. व्हॉल्व्हखाली वाकून, पाइपांवर ओणवे राहून त्यांच्या कमरेचे दोन मणके एकमेकांवरून सरकले होते आणि उजव्या पायातली शक्ती कमी होत चालली होती. दोन्ही मणके पट्टी आणि स्क्रूंनी जखडून त्यांच्यामध्ये हाड जुळू द्यायचे, अशी शस्त्रक्रिया ठरली. शल्यविशारदाने मला बाजूला घेऊन सरळ सांगितले होते, “निकोटिन असेल तर हाड जुळत नाही. आकडा दहाच्या खाली आणा, मी टेबलावर घेतो. दहाच्या वर असेल तर मी हात लावणार नाही.” तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली होती. बाबांचा करार डिसेंबरअखेर संपत होता, आणि करारासोबत विमा व इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवानाही. म्हणजे ही तारीख हुकली असती तर बाबा गुहागरला परतले असते ते काठीवर, आणि पुढे बहुधा खुर्चीत.

बाबांनी विसाव्या वर्षी सिगारेट धरली होती. दोन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा माझ्या आग्रहावरून त्यांनी सिगारेट सोडून व्हेप घेतले. पेनासारखी नळी, तिच्यात द्रव, द्रवाची वाफ. शस्त्रक्रिया ठरल्यावर तेही सोडायचे होते, पण एका झटक्यात नव्हे. पायऱ्या मीच आखल्या: दर आठवड्याला द्रवातील निकोटिन मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमने कमी करत जायचे. दुकानात मिळणाऱ्या तयार बाटल्यांमध्ये इतक्या लहान पायऱ्या नसतात, एका बाटलीवरून दुसरीवर जाताना उडी मारावी लागते. त्यामुळे द्रव घरीच बनवायचा ठरला. एक टक्का निकोटिनची बाटली आणायची आणि तिच्यात औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन हिशेबाने मिसळायचे.

हे काम आईने उचलले. बाबांना ओट्याशी उभे राहवत नव्हते आणि माझ्या कामाच्या पाळ्या बदलत असत. आई भेटीच्या व्हिसावर ऑगस्टमध्ये आली होती. आजवर ती गुहागरला आणि बाबा इथे असाच त्यांचा संसार झाला. इथे आल्यावर करण्याजोगे काम हातात नाही याचे तिला दुःख होते. निकोटिनच्या बाटलीला तिने पहिल्याच दिवशी ‘आगळ’ म्हणायला सुरुवात केली. कोकमाचे घट्ट मीठ घातलेले आगळ बरणीत ठेवायचे आणि सरबत करताना पाण्यात अंदाजाने घालायचे, हे तिने जन्मभर केले होते.

“अंदाजाने नाही हं आई,” मी तिला सिरिंज देत म्हटले होते. “आकड्याने.”

“आकड्याने म्हणजे आकड्याने,” ती म्हणाली. “माझ्या लोणच्याला कधी बुरशी आली का?”

बुरशी कधीच आली नव्हती. आणि तिने मोजलेला एकही मिलिलिटर मी चुकलेला पाहिला नव्हता.

याच सुमारास नव्या कराची बातमी बाजारात फिरू लागली. व्हेपच्या द्रवावर नवा कर बसणार, एवढेच सर्वांना ठाऊक होते. तो किमतीवर बसेल की द्रवाच्या मापावर, याबद्दल दुकानदारांमध्ये दोन तट होते. आमच्या भागातील यमनी दुकानदार मापवाल्या तटातला होता आणि त्याने त्याप्रमाणे दुकान आवरून ठेवले होते. मी ग्लिसरीन वाहून नेण्यासाठी रिकामी बाटली मागायला गेले तर म्हणाला, “मैडम, दरीबा आ रहा है. बड़ा बोतल खलास. अभी छोटा लो, स्ट्रॉंग लो, घर में पानी-पानी करो.” दरीबा म्हणजे कर. त्याच्या मांडणीवरून तयार, पातळ द्रवाच्या मोठ्या बाटल्या नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी अंगठ्याएवढ्या तपकिरी बाटल्या आल्या होत्या.

त्या दिवशी मला तो फक्त एका व्यापाऱ्याचा धूर्तपणा वाटला. रसायनाच्या दृष्टीने पाहिले असते तर त्यात अधिक काही होते. कर मिलिलिटरवर मोजला, तर सर्वांत स्वस्त द्रव तो, ज्याच्या एका मिलिलिटरमध्ये सर्वांत जास्त निकोटिन आहे. म्हणजे पातळ करण्याचे काम कारखान्यातून उठून स्वयंपाकघरात येते. कारखान्यात त्या कामावर वजनकाटा, परीक्षक आणि छापील लेबल असते. स्वयंपाकघरात असतो एक माणूस आणि त्याची नजर. कर अजून लागूही झाला नव्हता, आणि ते स्थलांतर सुरू झाले होते.

रविवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा उशांना टेकून बातम्या पाहत होते आणि आई त्यांच्या पायाला तेल लावत होती. मी पर्स ठेवली आणि विचारले.

“बाबा, मध्ये कुठे सिगारेट घेतली का?”

“नाही.”

“एखादी?”

“बाय, नाही म्हटलं ना.”

“आकडा तीनशे बारा आला आहे.”

आईने तेलाची वाटी खाली ठेवली. “मग तुझं मशीन चुकलं असेल.”

“दोनदा चालवलं, आई.”

“मग ह्यांनी चोरून ओढली म्हणतेस? कधी? तीन जिने उतरून दुकानात गेले, सिगारेट घेतली, ओढली आणि परत तीन जिने चढून ह्या अंथरुणात येऊन पडले? ज्या माणसाला मी मोरीपर्यंत धरून नेते तो?”

हा पुरावा चांगला होता आणि मी तो विचारात घेतला नव्हता.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “कॅम्पात तीस वर्षं काढली मी,” ते म्हणाले. “एका खोलीत आठ माणसं. तिथे चोरून काही करता येत नाही. सवयच नाही राहिली.” मग माझ्याकडे पाहून, “उद्या डॉक्टरला काय सांगणार आहेस?”

“आकडा त्यांच्याकडे आपोआप जातो.”

“हं. म्हणजे सांगून झालं.”

त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला. आईने मला वाढले, त्यांना वाढले आणि स्वतः ओट्याशी उभ्याने जेवली. आमच्याकडे तो रागाचा प्रकार आहे.

मी खोलीत बसून शक्यता मांडत गेले. नमुन्यांची अदलाबदल झालेली नव्हती, यंत्र ठीक होते. बाबा बोलले ते खरे धरले, तर निकोटिन घरातूनच येत होते. आणि तसे असेल तर गेल्या आठवड्यातल्या काही गोष्टींचा अर्थ बदलत होता. बाबांना पहाटे घाम सुटे, छातीत धडधडे, बोटे थरथरत. मी ते वेदनाशामक गोळ्यांवर ढकलले होते. आई गुरुवारी ओट्याशी चक्कर येऊन खाली बसली होती. ते तिने आदल्या दिवशीच्या उपासावर ढकलले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर आले आणि आईला म्हटले, “आठवड्याचा द्रव माझ्यासमोर कर.”

“परीक्षा घेतेस?”

“हो.”

तिने पदर खोचला आणि परीक्षा दिली. सिरिंज उकळत्या पाण्यातून काढली, पुसली, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर घालवला. चार भाग आगळ, सहा भाग ग्लिसरीन. डोळा रेषेच्या पातळीवर. मी प्रयोगशाळेत नव्या मुलांना जे शिकवते त्यातले तिने एक सोडून काहीही वगळले नाही. वगळले ते हातमोजे. ते घालून झाकण फिरत नाही, असे तिचे म्हणणे.

“आगळ किती टक्क्यांचं आहे?” मी विचारले.

“एक.”

“कशावरून?”

“लिहिलंय की. आधीच्या बाटलीवर इंग्रजीत असायचं, मला चष्मा लावून वाचावं लागे. ही नवी, दुकानदाराने हाताने लिहून दिली आहे. मराठीत.” तिने बाटली माझ्याकडे वळवली. तिच्या आवाजात थोडे कौतुक होते. “दुकानात कुणीतरी आपलं माणूस असणार.”

अंगठ्याएवढ्या तपकिरी बाटलीवर पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर काळ्या शाईने लिहिले होते: ٩٪

मी ते वाचले आणि पुन्हा वाचले. वर डावीकडे गोल, त्याची उजवीकडे उतरलेली शेपटी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर मराठी आकडे गिरवलेल्या डोळ्यांना तो एक दिसतो. दुसरे काही दिसण्याचे कारणच नाही.

“आई, हा अरबी नऊ आहे.”

“नऊ?” तिने बाटली परत घेतली, चष्मा लावला, दूर धरली. “नऊ असा काढतात? मग एक कसा काढतात?”

“उभी रेघ.”

“आणि शून्य?”

“ठिपका.”

“मग आपण शून्य काढतो, तसा गोल?”

“तो त्यांचा पाच.”

आईने बाटली पुन्हा जवळ धरली. “म्हणजे आपलं काहीच नाही ते त्यांच्याकडे पाच होतं,” ती म्हणाली, आणि तिने बाटलीचे झाकण घट्ट बंद केले.

हिशेब सोपा होता. आगळ एक टक्क्याचे असते तर तिच्या मिश्रणात मिलिलिटरमागे चार मिलिग्रॅम निकोटिन आले असते. नऊ टक्क्यांच्या आगळाने ते छत्तीस झाले होते. या छोट्या बाटल्यांमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असते. ते घशाला टोचत नाही, त्यामुळे जिभेने किंवा घशाने इशारा दिला नाही. बाबांनी नकळत झुरके कमी केले होते, नाहीतर आकडा तीनशेवर थांबला नसता. आणि आईच्या उघड्या बोटांवर जे सांडत होते, ते कातडीतून थेट रक्तात जात होते.

मी आईचे हात साबणाने धुवून घेतले. मग आतल्या खोलीत जाऊन बाबांना सगळे सांगितले.

“बाटली मी पाहिली असती तर एका नजरेत कळलं असतं,” ते म्हणाले. तीस वर्षे अरबी आकड्यांच्या मापकांवर काढलेला माणूस. “पण मला काय दाखवायचं, तुम्ही दोघी होतात.”

बाटली त्यांनी पाहिली नव्हती, कारण ती त्यांच्यासाठी कॅम्पातला एक तरुण वेल्डर घेऊन आला होता आणि त्याने ती थेट आईच्या हातात दिली होती. तो रत्नागिरीकडचा, बाबांना काका म्हणणारा, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येणारा. येताना तो दुकानातून बाटली आणे आणि जाताना आईने त्याच्यासाठी मिसळलेला द्रव घेऊन जाई. त्यानेही सिगारेट सोडली होती. मी लगेच त्याला फोन लावला.

“बरा आहेस ना?”

“आता बराय. मेसच्या सुरमयने वाट लावली होती, ताई. दोन दिवस ओकत होतो. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सुरमईने नाही.” मी त्याला कारण सांगितले.

त्याच्या मागे कॅम्पात कुणीतरी मोठ्याने हिंदी गाणे लावले होते.

“तरीच,” तो म्हणाला. “मी फोरमनला म्हणत होतो, काकीच्या हाताला काय चव आहे, एका झुरक्यात झोप उडते.”

“बाटलीवर नऊ लिहिलेलं तुला दिसलं नव्हतं?”

“दिसलं की. मला वाटलं काकांनी तसंच मागवलंय. काकांना मी आकडे शिकवणार होय?”

“ते ओतून टाकू नकोस. मोरीतही नको. बाटली बंद कर, कागदात गुंडाळ आणि इकडे आण.”

“ताई, थोडं ग्लिसरीन वाढवलं तर चालेल ना? एवढं छान...”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “ऐक रे,” ती म्हणाली. “शुक्रवारी ती बाटली माझ्या ओट्यावर नसली, तर मी शनिवारी तुझ्या आईला फोन लावीन. आणि मी तिला सगळं सांगेन, आधीचं सिगारेटचंसुद्धा.”

शुक्रवारी तो बाटली घेऊन आला. वजनात दोन किलो उतरला होता, पण जेवला नेहमीसारखा. जेवताना म्हणाला की कॅम्पात आता चौघांनी अशा बाटल्या आणल्या आहेत. कर लागला की पातळ बाटली परवडणार नाही, म्हणून सगळे आधीच शिकून घेत आहेत. कुणी चमच्याने मोजतो, कुणी बाटलीच्या झाकणाने. एक नेपाळी पोरगा आहे, त्याचे आकडेही आपल्यासारखेच. “कर आला म्हणजे प्रत्येक खोलीत एकेक काकी लागेल,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या तळहातावर बोटाने एक ते नऊ अरबी आकडे काढले, त्याला ते येत असूनही, आणि सांगितले की खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लाव, बाजूला आपले आकडे. त्याने लावले. फोटो पाठवला.

करावर मी पुढे बरेच वाचले आणि त्याच्या बाजूने जे म्हटले जाते ते मला मान्य आहे. द्रव महाग झाला की कोवळी मुले त्याकडे कमी वळतील, आणि ते चांगलेच आहे. परंतु कोणताही कर वागणुकीला जशी एक वाट बंद करतो तशी दुसरी उघडतो, आणि दुसऱ्या वाटेवर कोण चालते हे पाहणे माझ्या मते विज्ञानाचे काम आहे. दुसऱ्या वाटेवर मुले नव्हती. सोडू पाहणारी, कष्टकरी, हिशेबी माणसे होती. आमच्या घराला निदान एक यंत्र उपलब्ध होते, ज्याने आकडा वर गेलेला दाखवला. कॅम्पात त्या सुरमईला दोष देऊन प्रकरण मिटले असते.

बाबांपुढे आता पायऱ्या उरल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेला दोन आठवडे होते आणि शरीर छत्तीस मिलिग्रॅमला सरावले होते. पुन्हा मोजून मिसळायला आई तयार नव्हती, मी करते म्हटले तर बाबांनी हात वर केला. “नको आता. खलास.” त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

पुढचे दिवस मी त्यांना कधी पाहिले नव्हते तसे पाहिले. ते बडीशेप चघळत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवत आणि पाच मिनिटांनी तेच ताट मागून घेत. एकदा आई त्यांची उशी नीट करत होती, तर त्यांनी तिचा हात झिडकारला. ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली.

“माझ्यामुळे भोगतायत,” ती म्हणाली.

“पट्टीवर जे दिसत होतं ते तू बरोबर वाचलंस.”

“बरोबर वाचून काय उपयोग झाला?”

निष्कर्ष काढण्याची मला घाई असते, लोक तसे म्हणतात. या प्रश्नावर अजूनही माझ्याकडे निष्कर्ष नाही.

मी बाबांना म्हटले की दर दोन दिवसांनी रक्त तपासू, उतरती रेघ दिसली तर धीर येईल. ते म्हणाले, “तुला येईल. मला नको. एकदाच बघ, शेवटी. तोवर मी सांगतो त्यावर चाल.”

ते मला जड गेले. माहिती मिळण्याजोगी असताना ती न घेणे माझ्या शिक्षणात कुठेच बसत नाही. पण मी तपासले नाही. रोज संध्याकाळी घरी आल्यावर विचारत असे, “आज?” ते म्हणत, “नाही घेतली.” आणि मी तेवढ्यावर जेवायला बसत असे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीतून रुग्णालयात नेले. बाबा मागच्या सीटवर आडवे, आई पुढे माझ्या शेजारी. सिग्नलला थांबलो की ती समोरच्या गाडीची पाटी वाचू लागे. पाटीवर वर अरबी आकडे असतात आणि खाली इंग्रजी. ती खालच्या ओळीवर हात आडवा धरून वरची ओळ वाचायची.

“चार... नऊ... शून्य... नाही, पाच. आणि हा व्ही.”

“सात,” मागून बाबा म्हणाले. “व्ही तो सात. उलटा व्ही तो आठ.”

“तुम्ही झोपून राहा. मी वाचते.”

“वाच. पण बरोबर वाच.”

“तीस वर्षं इथे होतात, एकदा पत्रात शिकवलं असतंत तर?”

“पत्रात काय काय लिहिणार?” बाबा म्हणाले. “तू कधी विचारलंस?”

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. दोन आठवड्यांत ते दोघे इतके सलग बोलले नव्हते. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मी पुढे निघाले, आणि रुग्णालय येईपर्यंत ती वाचत राहिली आणि ते सुधारत राहिले.

रक्त सहकारिणीने काढले. बाबांना चाकाच्या खुर्चीवर बसवून आईसोबत प्रतीक्षाकक्षात पाठवले. शल्यविशारदाचा निरोप आला होता की दुपारपर्यंत दहाच्या खालचा आकडा हवा, नाहीतर टेबल दुसऱ्या रुग्णाला द्यावे लागेल. नमुना यंत्रात गेला. मी तिच्या मागे उभी राहिले. तिने विचारले, “बाहेर थांबतेस का?” मी नाही म्हटले. एकदा चालवून झाल्यावर तिने नियमाप्रमाणे पुन्हा चालवले. दोन्ही वेळचा आकडा एकच आला. तिने खुर्ची बाजूला सरकवून मला कीबोर्डपाशी जागा दिली, आणि मी नाव, तारीख, वेळ भरून शेवटच्या रकान्यात लिहिले: ३.६.